बिऱ्हाडकाकांचं स्वतःचं बिऱ्हाड

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव बिऱ्हाडकाका म्हणतं. त्यांचा टेम्पो आहे आणि त्यातून ते फक्त घरसामान हलवतात. सिमेंट नाही, विटा नाहीत, भाजीपाला तर मुळीच नाही. एकदा कुणीतरी सहज म्हणालं, "काका, येताना चार पोती कांदे टाका की मागे." काका आठ दिवस त्या माणसाशी बोलले नाहीत. "ज्या गाडीतून लोकांच्या गाद्या जातात त्या गाडीला कांद्याचा वास लावू?" असं मात्र ते त्या आठ दिवसांत भेटेल त्याला विचारत होते.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "तुझ्या माहेरी माणसं किती? वयं काय?"

मला भरून आलं. म्हटलं, किती आपुलकीनं चौकशी करतायत. मी आजीपासून सुरुवात करून धाकट्या भावापर्यंत सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भाऊ सव्वीसचा आहे. वर्ष-दीड वर्षात घर बदलणार हे लोक. दोन खेपा."

मला असा राग आला! पण भावाचं लग्न ठरलं, दोन खोल्यांत नवी सून कुठं मावणार असा प्रश्न पडला, आणि माझ्या माहेरच्यांनी घर बदललं. खेपा मात्र तीन लागल्या. "आजींची पिंपं मी धरली नव्हती," असं त्यांनी माझ्या वडिलांपुढे प्रांजळपणे कबूल केलं.

त्यांची कामाची रीतच ही. गिऱ्हाईक फोनवर सांगू लागतं की एक फ्रिज आहे, दोन कपाटं आहेत, एक दिवाण आहे. काका मधेच तोडतात. "सामान राहू द्या. माणसं किती? वयं काय?" तेवढ्यावरून ते खेपा सांगतात, कशासाठी हलताय तेही सांगतात, आणि न विचारता पुढचं घर कसं घ्यावं तेही सांगतात. त्यांचं म्हणणं असं की पंचविशीतला माणूस शेजाऱ्याचा रेडिओ मोठा लागला तरी घर बदलतो. पस्तिशीतला पोरांच्या शाळेसाठी बदलतो. पन्नाशीतल्या माणसाचं छप्पर गळायला लागलं तर तो बादली बदलतो. आणि साठीनंतरचा माणूस म्हणजे भिंतीतला खिळा. उपटायला जाल तर भिंतीचा पोपडा हातात येईल.

या विद्येपायी त्यांनी लोकांचे शिव्याशापही खाल्लेत. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाला आणि त्याची बायको दुकानाच्या मागच्या एका खोलीत राहायचे. एक दिवस काका काड्या घट्ट करून घ्यायला गेले आणि जाता जाता चष्मेवाल्याला म्हणाले, "सातव्या महिन्याच्या आत हलून घ्या. नंतर तिला सामान बांधायला वाकता येणार नाही. मी तारीख राखून ठेवतो."

"कसला सातवा महिना?" चष्मेवाला म्हणाला.

बिचारीनं नवऱ्याला अजून सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी छान कपडे घालून, बाहेर जेवायला जाऊन सांगायचा तिचा बेत होता. पोर चालायला लागेपर्यंत ती काकांशी बोलली नाही. पण घर हलवलं ते काकांच्याच टेम्पोतून, कारण तारीख राखून ठेवली होती.

एकच काम त्यांना आवडत नाही. नवरा-बायको वेगळी होतात तेव्हाचं. तेव्हा ते दोघांचं सामान एका दिवशी काढत नाहीत, कारण मग जिन्यात भांडण होतं आणि कपाट मधेच अडकतं. एका जोडप्याच्या वाटणीत कुकर तिच्याकडे गेला आणि झाकण त्याच्याकडे. दोघांचंही काही शिजेना. महिन्या-दोन महिन्यांनी फोन आला, "काका, दोन्ही ठिकाणचं सामान एका जागी आणायचंय." त्या दिवशी काका घरी शीळ घालत आले.

आता सगळ्या शहराला जागचं हलवणारा हा माणूस स्वतः कुठं राहतो? खाली टेम्पोची शेड, तिच्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्न झालं तेव्हापासून तिथंच. शेडमध्ये दोर, जुन्या गोधड्या, पुठ्ठ्याची खोकी. वर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. तो काकांच्या वेल्डर मित्रानं लग्नाची भेट म्हणून बनवून दिला होता, आणि त्या मित्राला बहुधा हे लग्न पसंत नसावं. जिना कसला, शिडीच ती. अरुंद, उभी, आणि पाऊल ठेवलं की वाजणारी.

"मी इथून चौघांच्या खांद्यावरच निघणार," असं काका वरचेवर म्हणायचे.

एकदा सासूबाई कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्या जिन्यावरून चौघं मावणार नाहीत."

काका खूप हसले. सासूबाई हसल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं होतं.

सासूबाईंचे गुडघे गेलेत. पण त्या कण्हत-कुथत नाहीत, आणि जे कण्हत नाही ते काकांना ऐकू येत नाही. एकदा फक्त त्या म्हणाल्या होत्या, "भाजी घेऊन वर यायला त्रास होतो हो." काका लगेच उठले. दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या गजाला कप्पी लागली, कप्पीला दोर, दोराला टोपली. भाजीवाला खालून भाजी टोपलीत ठेवायचा, सासूबाई वरून ओढायच्या. काकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ती कप्पी दाखवली. "आता हिला उतरायलाच नको!" असं ते ज्याला त्याला सांगत होते, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो खोटा नव्हता. बायकोसाठी काहीतरी केल्याचा खरा आनंद होता तो. म्हणूनच तर बोलायची पंचाईत.

तेव्हापासून सासूबाई खाली उतरायच्या बंदच झाल्या म्हणा ना. कुणाचं लग्न निघालं की त्या म्हणायच्या, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या." काका एकटे जायचे आणि तिथं सांगायचे, "साठीनंतर बाईमाणसाला घर सोडवत नाही." नियमच होता त्यांचा तसा. नियमात बायको बसली, प्रश्न मिटला.

मग मला दिवस गेले. काका मनापासून आनंदले. सहाव्या महिन्यात एकदा मी कामावरून आले. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या. तर मी पोट सांभाळत, कठड्याला धरून, एक एक पायरी चढून वर आले आणि दारातच टेकले. सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू आज चढलीस ना, तशी मी तीन वर्षं चढत होते. मी घर बघितलंय."

"कुणी?"

"मी."

"कधी? आणि कसं?"

"फोनवर. पोरगा तिथं फिरला, मी इथून बघितलं. तळमजला आहे. पाऊल टाकलं की अंगण, अंगण संपलं की रस्ता. न्हाणीघरात पाय घसरतो का बघायला त्याला फरशी ओली करून चालायला लावलं. नाही घसरला."

म्हणजे माझा नवरा यात सामील होता! जो माणूस आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा पोटात ठेवू शकत नाही, त्यानं मला महिनाभर ताकास तूर लागू दिली नव्हती. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, तीन खोल्यांचं, आम्हाला, बाळाला आणि त्या दोघांना पुरेल असं.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"आले तर आले," सासूबाई म्हणाल्या. "नाही आले तरी मी जाणार."

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी घाबरले. या बाईनं आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि ती आता एवढ्या वर्षांचा संसार मधोमध उभा चिरायला निघाली होती. काका येणार नाहीत हे आम्हाला पक्कं माहीत होतं. खिळा होते ते.

"मी सांगेन त्यांना. तुम्ही मधे पडू नका," सासूबाईंनी दटावलं.

सांगायचा त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. जेवताना म्हणाल्या, "अहो, हा जिना आता..." काका म्हणाले, "वाजतोय ना? ग्रीस लावतो." दोन दिवसांनी म्हणाल्या, "मला खाली..." काका म्हणाले, "खाली कशाला? टोपली सोड की!" पुन्हा एकदा त्यांनी सुरुवात केली तेव्हा काका उठून कप्पीला तेल घालून आले. शेवटी सासूबाईंनी नाद सोडला आणि आम्ही गुपचूप बांधाबांध सुरू केली.

पण ज्या माणसाचा जन्म लोकांची बांधाबांध बघण्यात गेला त्याच्यापासून ती लपते थोडीच? मी टेप घेऊन कपाट मोजताना त्यांनी पाहिलं. रद्दीवाल्याला रद्दी देणं आम्ही बंद केलं होतं, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. शेडमधली खोकी कमी होत चालली होती. काकांनी सगळं बघितलं आणि त्यांच्या विद्येनं त्यांना चटकन उत्तर दिलं. तरुण जोडपं, पहिलं मूल, सासू-सासऱ्यांच्या दोन खोल्या. वेगळं बिऱ्हाड! शंभरातली नव्वद जोडपी असंच करतात, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं.

बोलले काही नाहीत. पण माझ्याकडे ते असं बघायला लागले, जसं ते एखाद्या अवजड कपाटाकडे बघतात, हे दारातून कसं काढायचं या विचारानं. फरक इतकाच की इथं त्यांना काढायचं नव्हतं, ठेवायचं होतं.

एका सकाळी मी उठले तर बाहेरच्या खोलीतून त्यांची खाट गायब. ती स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरशेजारी लावलेली होती, आणि काका तिच्यावर पाय दुमडून बसले होते. पाय सोडले असते तर फ्रिज उघडला नसता.

"अहो बाबा, हे काय?"

"मला इथंच झोप लागते छान," ते म्हणाले. "बाहेरची खोली केवढी मोठी वाटतेय बघ आता. पाळणा तिकडे राहील, इकडे तुझं कपाट. आरामात!"

पुढच्या रविवारी त्यांनी ती खोली रंगवली. गिऱ्हाइकाकडून उरलेला रंग होता, दवाखान्यात असतो तसा हिरवा. मग कुणाच्या तरी घरून पाळणा आला. मग खिडकीला जाळी बसली. रोज संध्याकाळी ते मला नवीन काहीतरी दाखवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस लॅबमध्ये एक टेम्पोवाला आला, साखर तपासायला. सुई टोचली की माणसं काहीही बोलतात, हा माझा अनुभव आहे. कुणी बँकेचा आकडा सांगतं, कुणी पहिलं प्रेम. हा दंड पुढे करून, तोंड दुसरीकडे वळवून म्हणाला, "ताई, तुम्ही काकांच्या सूनबाई ना? असं करू नका हो. काकांनी सगळ्या स्टँडवर सांगितलंय, माझ्या पोराचं सामान जो उचलेल त्याचं तोंड बघणार नाही. आणि सांगता सांगता डोळे पुसत होते."

माझ्या हातून शीर चुकली. त्याला दोनदा टोचावं लागलं.

घरी आल्या आल्या मी सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "आता तरी बोला. ते समजतायत आम्ही चाललोय. बिचारे स्वयंपाकघरात झोपतायत!"

"झोपू देत," सासूबाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं तिथंच आहे."

त्या रात्रीपासून काकांच्या खाटेवर एक जादा गादी मात्र दिसायला लागली.

ठरलेला दिवस उजाडला. काका सकाळीच एका म्हाताऱ्या जोडप्याचं सामान हलवायला गेले होते. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले, त्यानं मी आणखीच खचले. नवऱ्यानं शहराच्या पार त्या टोकाकडून एक टेम्पो ठरवला होता, जिथं काकांचं नावही कुणी ऐकलेलं नसेल असं त्याला वाटत होतं. टेम्पो आला. ड्रायव्हर खाली उतरला, शेडकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि त्यानं सरळ हात जोडले.

"हे बिऱ्हाडकाकांचं घर आहे. मला जमणार नाही."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"कोण ओळखत नाही? मुलाचं सामान उचलायचं नाही असं सांगितलंय. आमच्या स्टँडपर्यंत निरोप आलाय."

तेवढ्यात वरून गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला. "मुलाचं नाही ते. माझं आहे."

ड्रायव्हर विचारात पडला. डोकं खाजवलं. "काकूंचं उचलायचं नाही असं काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. पण माणूस प्रामाणिक निघाला, आमचं नशीबच फुटकं. खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं खिशातून फोन काढला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत काकांनाच लावला. "काका, काकूंचं चालेल का?"

थोड्याच वेळात काकांचा टेम्पो धुरळा उडवत आला. मागे कुणाचा तरी सोफा, गाद्या, उलटं टांगलेलं स्टूल. केबिनमध्ये कुणाचे तरी आजोबा बसलेले, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ. अर्ध्या वाटेतून काकांनी गाडी तशीच वळवली होती. आजोबांनी काचेतून मान बाहेर काढून आमच्या जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे आहे होय आमचं नवीन घर? आमच्या म्हातारीला हा जिना कसा जमणार?"

काकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते नवऱ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. म्हणाले, "जागा कमी पडते का रे? स्वयंपाकघरात झोपलो. अजून हवी असेल तर खाली टेम्पोत झोपतो. मला काय, गोधड्या आहेत. पण असं चोरून कशाला जाता?"

मी म्हटलं, "बाबा, आम्ही नाही चाललो. म्हणजे, आम्ही पण चाललोय. पण आई चालल्यात म्हणून."

काका हसले. खरोखर हसले. "तुझी सासू? ती कुठं जाते? तिला घर सोडवत नाही."

वर दार वाजलं. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. पायात बाहेर जायच्या चपला, खांद्याला पर्स, केस नीट बांधलेले. त्यांनी खाली एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि शिडीवरून उतरतात तशा उलट्या उतरायला लागल्या. एक पाय खालच्या पायरीवर चाचपडत टेकायचा, मग दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, मग थांबायचं, दम घ्यायचा. मधे एकदा चपलेची टाच पायरीत अडकली. नवरा धावला, तर त्या मान न वळवता म्हणाल्या, "कुणी येऊ नका." जिना वाजत होता. आजोबांनी मांडीवरचं घड्याळ दोन्ही हातांनी धरलं.

काका खाली उभे राहून बघत होते. फ्रिज, कपाटं, पियानो, काय काय त्यांनी जिन्यांवरून उतरवलंय. प्रत्येक वळणावर कुठं हात लावायचा, कुठं दोर सोडायचा हे त्यांना झोपेत विचारा. इथं त्यांचे दोन्ही हात नुसते पुढे आलेले आणि तसेच राहिलेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

सासूबाई खाली पोचल्या, वळल्या, पदरानं तोंड पुसलं.

"अशी उतरतेस?" काकांनी विचारलं.

"अशीच."

"कधीपासून?"

"कप्पी लावलीत त्याच्या आधीपासून. तुम्ही कामावर गेलात की उतरायचे. पुढे पुढे तेही सोडलं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगायला लागलं की तुम्ही उपाय करता," सासूबाई म्हणाल्या. "मला उपाय नको होता हो. मला खाली यायचं होतं."

काकांचे पुढे आलेले हात हळूहळू खाली आले. शेवटी केबिनमधून आजोबा म्हणाले, "अहो, आमचं काय?"

त्यावर काका भानावर आले. त्यांनी त्या प्रामाणिक ड्रायव्हरला हाक मारली आणि आजोबांसकट त्यांचं सगळं सामान त्याच्या गाडीत चढवायला लावलं. "यांना नीट पोचव. घड्याळ आडवं ठेवायचं नाही. माझ्या बायकोचं सामान मी नेणार." मग शर्टाच्या बाह्या वर करून ते जिना चढले. दिवसभर त्यांनी आमचं घर उतरवलं. एक शब्द नाही, एक नियम नाही, वय नाही, खेप नाही. कपाटं उतरली, पाळणा उतरला, सासूबाईंचे डबे एक एक करून गोधडीत गुंडाळून उतरले. शेवटी स्वयंपाकघरात एकट्या त्यांच्या खाटेशिवाय काही उरलं नाही. नवरा खाटेला हात लावायला गेला.

"ती राहू दे," काका म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सासूबाई केबिनमध्ये जाऊन बसल्या होत्या, समोर बघत.

नव्या घरी काकांनी सगळं जागच्या जागी लावून दिलं. नळ तपासले, दारं उघडून-लावून बघितली, न्हाणीघराच्या फरशीवर पाय घासून बघितला. मग दाराशी उभं राहून टेम्पोची किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "बरं. निघतो मग."

मला वाटलं, आता सासूबाई त्यांचा हात धरतील. काहीतरी म्हणतील. मीच तोंड उघडणार होते, तर नवऱ्यानं माझा दंड दाबला.

"चहा घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "दूध नाहीये. आणते."

"मी आणतो," काका सवयीनं म्हणाले. पण त्या चपला घालून अंगणात पोचल्यासुद्धा होत्या. फाटक वाजलं.

काका खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. दुकान समोरच होतं, खिडकीतून दिसत होतं. तिथं सासूबाई नव्हत्या. काका उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. पुन्हा उठले. "रस्ता ओलांडता येतो का तिला?" त्यांनी मला विचारलं, जणू मी तिची डॉक्टर. मग म्हणाले, "गुडघे धरले असतील मधेच कुठं." मग म्हणाले, "पर्स आहे ना तिच्याजवळ?" नवरा बघून येतो म्हणाला, तर त्याला खाली बसवलं आणि स्वतः फाटकाशी जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेले.

पुष्कळ वेळानं रस्त्याच्या टोकाला त्या दिसल्या. रमत गमत येत होत्या. मधे थांबून कुणाच्या तरी कुंपणातलं झाड बघितलं, मग पुन्हा निघाल्या. केस सुटले होते आणि हात रिकामे होते.

"दूध?" काका म्हणाले.

"अगं बाई! विसरले."

"मग इतका वेळ करत काय होतीस?"

"चालत होते," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. इतका वेळ, असं सरळ, मी त्यांना बायकोकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग ते मागे वळले, टेम्पोची किल्ली नवऱ्याच्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "जा, माझी खाट घेऊन ये. मी हिच्याबरोबर दूध आणायला चाललोय."

चार पावलं ते नेहमीसारखे भराभरा पुढे गेले. मग थांबले, आणि त्या येऊन पोचेपर्यंत तसेच थांबून राहिले. मी फाटकाला धरून रडत होते आणि पोटात बाळ लाथा मारत होतं. दोघं खूप उशिरा परत आली, तेव्हाही दूध आणलेलं नव्हतं.